गोळी कोणासाठी? कितवा महिना?

प्रश्न: मी डी. फार्म. झालेली फार्मासिस्ट आहे. बीड जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावात माझं स्वतःचं मेडिकल आहे. ग्रामीण रुग्णालय हाकेच्या अंतरावर आहे, तरी गरोदर बायका, त्यांचे नवरे, सासवा आधी माझ्याच काउंटरवर येतात. डोकं दुखतंय, पित्त झालंय, पोट दुखतंय, गोळी द्या. नाही म्हटलं की पुढच्या दुकानात जातात, दिली तर मनात धाकधूक. इथले एक डॉक्टर म्हणाले, दुकानदाराने बाळंतपणाच्या भानगडीत पडूच नये. दिवाळीच्या आगेमागे कितीतरी बायका ऊसतोडीला जातात, तेव्हा सहा महिन्यांच्या गोळ्या एकदम मागतात. दवाखान्यात भरती होईपर्यंतच्या काळात माझ्यासारखीने नेमकं काय करावं आणि कुठे हात आवरावा?

उत्तर:

ताई,

तुमच्या डॉक्टरांचं म्हणणं निम्मं खरं आहे. पोट तपासणं, निदान करणं, शेड्यूल एचमधली, म्हणजे चिठ्ठीवरच विकायची औषधं चिठ्ठीशिवाय देणं, सलाईन लावणं, इंजेक्शन टोचणं, यातलं काहीही तुमचं काम नाही. पण भानगडीत तुम्ही आधीच पडलेल्या आहात. गरोदरपणात किमान चार तपासण्या व्हाव्यात असा सरकारी दंडक आहे. त्या चार तारखांच्या मधल्या दिवसांत काही दुखलं-खुपलं की घरचं माणूस पहिल्यांदा मेडिकलची पायरी चढतं. तिथे तुम्ही दोन प्रश्न विचारलेत तरी खूप काही वाचतं: गोळी कोणासाठी? आणि कितवा महिना?

पहिला प्रश्न किरकोळ वाटतो, पण सगळ्यात जास्त घोटाळे तो न विचारल्यामुळे होतात. नवरा येतो आणि "कंबरदुखीची द्या" म्हणतो. तो स्वतःसाठी मागतोय असं समजून आपण रोजचं पाकीट पुढे करतो. बाईसाठी औषध असेल आणि ती पाळी येण्याच्या वयातली असेल, तर "दिवस गेलेत का? पाळी चुकलीय का?" हे विचारायचंच, मात्र चार गिऱ्हाइकांसमोर मोठ्याने नाही. सासू सोबत असली की सून अनेकदा खरं बोलत नाही. अशा वेळी "या, स्टुलावर बसा, तुमचं बीपी बघते" म्हणून तिला काउंटरच्या कडेला घ्या, तोवर सासूबाईंना बिल करू द्या.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर बहुतेक वेळा मोघम येतं. "सातवा लागलाय" म्हणजे सहा भरले की सात, हे घरातल्या दोघी दोन तऱ्हांनी सांगतात. म्हणून महिन्यांवर थांबू नका, शेवटच्या पाळीचा पहिला दिवस विचारा. त्यात नऊ महिने आणि सात दिवस मिळवले की अंदाजे तारीख निघते: पाळी १० मार्चला आली असेल तर १७ डिसेंबर. तारीख आठवत नसेल तर सणावरून काढा, पोळ्याच्या आधी की गणपतीनंतर. माता-बाल संरक्षण कार्ड जवळ असेल तर त्यावर ती लिहिलेलीच असते. आठवडे कळले की निम्मे निर्णय सोपे होतात. पहिले तेरा आठवडे बाळाचे अवयव घडत असतात, विसाव्या आठवड्यानंतर आयब्युप्रोफेनसारख्या वेदनाशामकांचा धोका सुरू होतो, आणि ३७ आठवड्यांच्या आधी आलेल्या कळा म्हणजे अपुऱ्या दिवसांच्या कळा.

आता मुख्य गोष्ट. गरोदर बाईची मागणी हेच पुष्कळदा लक्षण असतं. ती औषधाचं नाव घेते, तुम्ही त्यामागचा आजार ऐकायचा.

पाचवा महिना उलटलेली बाई डोकेदुखीची गोळी मागते. आधी बीपी, मग गोळी. या काळात वाढलेला रक्तदाब सुरुवातीला काहीच जाणवू देत नाही. मग डोकं ठणकतं, डोळ्यांपुढे चमकतं किंवा अंधारी येते, चेहरा आणि हात सुजतात, आणि त्यानंतर झटके येऊ शकतात. त्यातच वरच्या पोटात, उजव्या बरगडीखाली दुखणं हे यकृताला सूज आल्याचं लक्षण असू शकतं. हीच बाई तुमच्याकडे येऊन "पित्त झालंय, ॲसिडिटीची द्या" म्हणते. सातव्या-आठव्या महिन्यात छातीत जळजळ होणं साधंच आहे, पण जळजळ गळ्याकडे चढते आणि वाकल्यावर, आडवं झाल्यावर वाढते. बरगडीखाली घट्ट धरल्यासारखं दुखत असेल, जोडीला मळमळ किंवा डोकेदुखी असेल, तर ॲन्टासिडची बाटली देऊन घरी पाठवू नका.

पायाची सूज अनेकींना येते. पण सूज चेहऱ्यावर किंवा हातांवर आली, बांगड्या घट्ट झाल्या, आणि घरचे "लघवीची गोळी द्या" म्हणू लागले, तर त्यांना थेट रुग्णालयात पाठवा. रक्तदाबाच्या या आजारात शिरांमधलं पाणी आधीच कमी झालेलं असतं. फ्युरोसेमाइडने ते आणखी उतरतं आणि वारेकडे (प्लॅसेंटाकडे) जाणारं रक्त घटतं. सूज ओसरलेली दिसते, बाळाचं मात्र नुकसान होतं.

बीपी घेण्याची पद्धत चुकली तर सगळंच चुकतं. मनगटाचं यंत्र नको, दंडाचं घ्या. पाच मिनिटं तिला पाठ टेकून बसवा, पाय जमिनीवर, एकावर एक नाहीत, बोलणं बंद. दंड हृदयाच्या पातळीवर टेकवलेला हवा. साधा पट्टा साधारण २२ ते ३२ सेंटिमीटर घेराच्या दंडासाठी असतो. त्याहून जाड दंडाला तोच बांधला तर आकडा खोटा वाढतो, म्हणून मोठा पट्टाही विकत घेऊन ठेवा. उताणं झोपवून कधीच मोजू नका. जड गर्भाशय मोठ्या शिरेवर दाब देतं आणि बाई चक्कर येऊन गळते. आकडा १४०/९० किंवा जास्त आला तर पंधरा मिनिटांनी पुन्हा घ्या. पुन्हा तोच आला तर त्याच दिवशी रुग्णालय. १६०/११० आला तर दुसऱ्या आकड्यासाठी तिला ताटकळत ठेवू नका, गाडी बोलवा. वर-खाली दोन आकड्यांतला एक जरी ओलांडला तरी तो मोजायचा. अनेक डिजिटल यंत्रं नेमक्या याच आजारात रक्तदाब कमी दाखवतात. म्हणून डोकं, डोळे, बरगडी यांच्या तक्रारी असताना आकडा नॉर्मल आला तरी तिला पाठवायचंच.

नवरा म्हणतो, "पोटात कळ मारतेय, पाळीत घेते ती गोळी द्या." ती गोळी म्हणजे मेफेनॅमिक ॲसिड आणि डायसायक्लोमीन. आठव्या महिन्यात ही देणं दोन बाजूंनी वाईट. एक तर मेफेनॅमिक ॲसिड वेदनाशामकांच्या त्याच कुळातलं, ज्यात आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅक, ॲसेक्लोफिनॅक, निमेसुलाइड येतात. विसाव्या आठवड्यानंतर यांनी बाळाच्या मूत्रपिंडाचं काम मंदावतं आणि बाळाभोवतीचं पाणी कमी होतं. तिसाव्या आठवड्यानंतर बाळाच्या हृदयाजवळची जी रक्तवाहिनी जन्मापर्यंत उघडी राहायला हवी, ती आधीच मिटू लागते. दुसरं म्हणजे दुखणं दबून जातं आणि खरं कारण झाकलं जातं. ते कारण अपुऱ्या दिवसांच्या कळा असू शकतं, वार सुटणं असू शकतं. पोट दगडासारखं घट्ट आणि सतत दुखत असेल, मग रक्त दिसो वा न दिसो, ते तातडीचं आहे. ३७ आठवड्यांच्या आत कळा येत असतील तरी वेळ मोलाचा, कारण बाळाची फुप्फुसं पिकवण्यासाठी दवाखान्यात स्टेरॉइडची इंजेक्शनं द्यायची असतात आणि ती कळांच्या शेवटच्या तासाला देऊन भागत नाही.

ताप किंवा अंगदुखीला चिठ्ठीशिवाय द्यायचं ते एकच: साधं पॅरासिटामॉल ५०० मि.ग्रॅ., सहा तासांच्या अंतराने, एक-दोन दिवसांपुरतं. काही पाकिटांवर "पॅरासिटामॉल" मोठ्या अक्षरात आणि त्याखाली बारीक "ॲसेक्लोफिनॅक" किंवा "आयब्युप्रोफेन" असतं. हेच पाकीट गडबडीत हातात येतं, म्हणून साध्या पॅरासिटामॉलचा डबा या जोडगोळ्यांपासून वेगळ्या खणात ठेवा. ताप १००.४ फॅरनहाइट किंवा जास्त असेल तर गोळी देऊन प्रश्न संपत नाही, तपासणी हवी. मात्र एक अपवाद लक्षात असू द्या. डॉक्टरांनी लिहून दिलेली ७५ किंवा १५० मि.ग्रॅ.ची ॲस्पिरिन हीसुद्धा वेदनाशामकच, तरी ती रक्तदाबाचा हाच आजार टाळण्यासाठी दिलेली असते. "गरोदरपणात ॲस्पिरिन चालत नाही" असं सांगून ती बंद करायला लावू नका.

बाकीच्या मागण्या थोडक्यात. तळहात-तळपायांना रात्री वाढणारी खाज, अंगावर पुरळ नाही, सातवा महिना उलटलेला: खाजेचं मलम नको, यकृताची तपासणी हवी, कारण यात बाळ पोटात दगावू शकतं. "पांढरं पाणी जातंय" म्हणत योनीत ठेवायच्या गोळ्या मागितल्या तर ते पाणी पातळ आहे का, कपडा भिजतोय का, विचारा. भिजत असेल तर पाणमोट फुटली असं समजून पाठवा, आत काहीही ठेवायला देऊ नका. लघवीची जळजळ म्हणजे संसर्ग, आणि तो वेळेआधी कळा आणू शकतो. सोडा-सायट्रेटच्या बाटलीने तो बरा होत नाही, लघवी तपासून चिठ्ठीवरचं अँटिबायोटिकच लागतं. रक्त जातंय म्हणून ट्रॅनेक्झॅमिक ॲसिड मागणाऱ्याला काहीही न देता रुग्णालयात पाठवा. उलट्यांनी चोवीस तासांत पाणीसुद्धा टिकत नसेल, लघवी गडद आणि थोडी होत असेल, तर सलाईन लागतं, तेही दवाखान्यात. बाळाची हालचाल कमी झालीय असं बाई सांगत असेल तर तिला ग्लुकोजचं पाणी पाजून घरी पाठवू नका, तिचं म्हणणं खरं धरा.

नेहमीच्या गिऱ्हाइकांच्या चालू गोळ्यांकडे विशेष लक्ष द्या. बीपीची टेल्मिसार्टन, लोसार्टन, रॅमिप्रिल, एनालाप्रिल ही औषधं गरोदरपणात बाळाचं मूत्रपिंड बिघडवतात. त्यांच्या जागी लॅबेटालॉल, निफेडिपिन, मिथिलडोपा अशी औषधं डॉक्टर देतात. मुरुमांची आयसोट्रेटिनॉइन, संधिवाताची मेथोट्रेक्सेट, रक्त पातळ करणारी वॉरफॅरिन, फिटची व्हॅल्प्रोएट, बुरशीवरची तोंडाने घ्यायची फ्लुकोनॅझोल, डॉक्सिसायक्लिन ही नावं डोक्यात पक्की हवीत. पण इथे अतिउत्साहाने उलटंच होतं. व्हॅल्प्रोएट एकदम बंद केली तर फिट येऊन आई आणि बाळ दोघंही जाऊ शकतात. बीपीची गोळी सोडली तर बीपी उसळतं. तुम्ही "बंद करा" म्हणायचं नाही. "आज किंवा उद्याच डॉक्टरांना दाखवा, दिवस गेलेत हे सांगा, तोवर मनाने सोडू नका" असं म्हणायचं, आणि जमलं तर तिच्यासमोरच डॉक्टरांना फोन लावायचा. आयसोट्रेटिनॉइन आणि मेथोट्रेक्सेट यांचा मात्र पुढचा डोससुद्धा घेऊ नये.

लोह आणि कॅल्शियमचा विषय तुमच्या भागात सगळ्यात मोठा आहे. पहिल्या तीन महिन्यांत फॉलिक ॲसिड ४०० मायक्रोग्रॅम. दुकानात ५ मि.ग्रॅ.चीच गोळी सहज मिळते, पण तो जास्तीचा डोस आधीच्या बाळाला मणक्याचा दोष असलेल्या किंवा फिटची औषधं घेणाऱ्या बाईंसाठी डॉक्टर देतात. चौथा महिना लागल्यावर रोज एक लाल गोळी, ६० मि.ग्रॅ. लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड, १८० दिवस, आणि बाळंतपणानंतर आणखी १८० दिवस. कॅल्शियम १४व्या आठवड्यापासून ५०० मि.ग्रॅ. दिवसातून दोनदा, व्हिटॅमिन डी३ सह. दुसऱ्या तिमाहीत जंताची अल्बेंडॅझोल ४०० मि.ग्रॅ. एकदाच, पहिल्या तिमाहीत नाही. हे सगळं उपकेंद्रात फुकट मिळतं, हे सांगायला कचरू नका. गोळी विकत घ्यायला पैसे नसले की बाई महिना-महिना काहीच घेत नाही.

विकत देताना लेबलावरचा मूलभूत लोहाचा आकडा वाचा. "फेरस अमुक २०० मि.ग्रॅ." हा क्षाराचा आकडा असतो. फेरस सल्फेट किंवा फ्युमरेट २०० मि.ग्रॅ.मध्ये लोह असतं साधारण ६० ते ६५ मि.ग्रॅ. तसंच कॅल्शियम कार्बोनेट १२५० मि.ग्रॅ. म्हणजे कॅल्शियम ५००. शक्तीचं टॉनिक म्हणून जी बाटली मागतात तिच्या एका चमच्यात लोह किती, ते त्यांच्यासमोर वाचून दाखवा. "ताकदीचं सलाईन" तर नावालाच. साखरपाण्याने हिमोग्लोबिन वाढत नाही.

लोहाची गोळी बंद पडते ती दोन कारणांनी: शौच काळी होते म्हणून घाबरतात, आणि मळमळतं. पहिलं आधीच सांगून टाका की काळी होणारच, ते रक्त नव्हे. दुसऱ्यासाठी गोळी रात्री जेवणानंतर घ्यायला सांगा. कॅल्शियम सकाळच्या आणि दुपारच्या भाकरीबरोबर, लोह रात्री, दोन्हींत निदान दोन तास. दोन्ही एकत्र घेतली तर कॅल्शियम लोहाला आत जाऊ देत नाही. चहाचंही तसंच, म्हणून उसाच्या फडावरच्या पहाटेच्या चहाबरोबर लोहाची गोळी नको. थायरॉइडची गोळी चालू असेल तर ती सकाळी उपाशीपोटी, आणि लोह-कॅल्शियमपासून चार तास लांब.

तोडीला निघणाऱ्या बाईला एकदम सगळं द्यायला हरकत नाही, पण द्यायचं मोजून आणि समजावून. रोज एकप्रमाणे सहा महिन्यांच्या लोहाच्या १८० गोळ्या होतात, कॅल्शियमच्या ३६०. हिमोग्लोबिन ११ च्या खाली आहे आणि डॉक्टरांनी रोज दोन सांगितल्यात, तर लोह ३६०. सातच्या खाली असेल तर हा गोळ्यांचा मामलाच नाही. तिला दवाखान्यात उपचार हवेत, आणि मोळी डोक्यावर घेऊन ट्रॅक्टरवर चढणं तर अजिबात नको. आगाऊ पैशांची उचल घेतलेली असते, मुकादम थांबत नाही, हे ठाऊक आहे. तरी टोळी निघण्याआधी आठवडाभर तुमच्या काउंटरवर गर्दी असते, तेव्हा "हिमोग्लोबिन कधी तपासलं?" हा प्रश्न प्रत्येकीला विचारता येतो.

गोळ्या स्ट्रिपमध्येच ठेवायला सांगा, सोडवून पुडीत बांधू नका. कोपीत, म्हणजे फडाजवळच्या झोपडीत, ओल असते आणि फेरस सल्फेटला डाग पडतात. त्याहून मोठी काळजी लहान मुलांची. लाल, गोड वेष्टनाची गोळी मुलांना चॉकलेट वाटते. दहा किलो वजनाच्या मुलाने तीन-चार गोळ्या खाल्ल्या तरी उलट्या-जुलाब होऊ शकतात, दहा खाल्ल्या तर जिवावर बेततं. कोपीला कुलूपबंद कपाट नसतं, तेव्हा झाकणाच्या डब्यात घालून वर आढ्याला टांगायला सांगा. एकही गोळी गिळल्याचा संशय आला तर मूल ठणठणीत दिसलं तरी दवाखान्यात न्यायचं. काही तासांनी उलट्या थांबून मूल बरं वाटू लागतं आणि मग एकदम खचतं, हा या विषबाधेचा कावा आहे.

सोबत कार्डही जायला हवं. ते घरी विसरून गेलेली बाई कोल्हापूरकडे किंवा सीमेपलीकडे कर्नाटकात कळा घेऊन पोचली की तिथल्या डॉक्टरांना ना तिचा रक्तगट माहीत, ना बीपी. कार्डाच्या आतल्या पानांचा फोटो नवऱ्याच्या मोबाइलमध्ये काढून द्या, दोन मिनिटांचं काम आहे. आणि १०८ हा नंबर दोन्ही राज्यांत चालतो, हे सांगा. महाराष्ट्रात १०२ ची गाडी गरोदर आणि बाळंतिणींसाठी मोफत असते.

दोन गोष्टी फक्त मेडिकलवाल्यालाच नीट करता येतात. एक, साखरेच्या चाचणीचं ग्लुकोज. ही चाचणी पहिल्या भेटीत आणि पुन्हा २४ ते २८ आठवड्यांत होते: ७५ ग्रॅम ग्लुकोज ३०० मि.लि. पाण्यात, पाच ते दहा मिनिटांत संपवायचं, दोन तासांनी रक्त. दुकानातून लिंबू-संत्र्याच्या चवीची उन्हाळी पावडर देऊ नका, तिच्यात साधी साखर मिसळलेली असते आणि मापही लागत नाही. चाचणीचं ७५ ग्रॅमचंच पाकीट द्या. अर्ध्या तासाच्या आत उलटी झाली तर ती चाचणी धरत नाहीत, दुसऱ्या दिवशी पुन्हा करावी लागते, हेही सांगून ठेवा.

दुसरी, निगेटिव्ह रक्तगटाच्या बायकांचं अँटी-डी, म्हणजे पॉझिटिव्ह बाळाच्या रक्ताविरुद्ध आईच्या शरीरात प्रतिपिंडं तयार होऊ नयेत म्हणून द्यायचं इंजेक्शन. नवऱ्याचा गट पॉझिटिव्ह असेल तर २८व्या आठवड्यात ३०० मायक्रोग्रॅमचं इंजेक्शन, आणि बाळ पॉझिटिव्ह निघालं तर बाळंतपणानंतर ७२ तासांत दुसरं. मधे रक्तस्राव झाला तरीही लागतं. महागडं असल्याने छोट्या दुकानात नसतं आणि नवरा रात्री दारोदार फिरतो. निगेटिव्ह बाई काउंटरवर कळली की तिच्या तारखेच्या आधी महिनाभर होलसेलरकडे मागणी नोंदवा. ठेवायचं २ ते ८ अंशांत, फ्रीजरच्या कप्प्याला न टेकवता. नेताना बर्फाच्या पॅकभोवती कागद गुंडाळा, थेट बर्फाला लागून गोठलं तर ते वाया गेलं. देताना कार्डावरच्या गटाशी ताळा करा.

आता हात आवरायच्या जागा. "कळा येण्याचं इंजेक्शन" म्हणजे ऑक्सिटोसिन. घरी किंवा गावातल्या कुणा टोचणाऱ्याच्या हातून ते गेलं तर गर्भाशय इतकं आवळतं की बाळाचं रक्त तुटतं, आधी सिझर झालेल्या बाईचं गर्भाशय फाटू शकतं. कळा किती जोराच्या येतात ते तासन्‌तास बघत, थेंब मोजत द्यायचं हे औषध आहे. कुणाच्याही ओळखीवर, कुणाच्याही फोनवर देऊ नका.

गर्भपाताच्या गोळ्यांचंही तसंच, पण तिथे दुसरी चूकही होते. मिफेप्रिस्टोन २०० मि.ग्रॅ. आणि मिसोप्रोस्टॉलच्या २०० मायक्रोग्रॅमच्या चार गोळ्यांचं पाकीट चिठ्ठीशिवाय देणं गुन्हा आहे आणि घातकही. गर्भ नळीत असेल, आठवडे जास्त असतील किंवा हिमोग्लोबिन कमी असेल तर बाई रक्तस्रावाने जाते. म्हणून अनेक दुकानदार तपासणीच्या धास्तीने पाकीट ठेवतच नाहीत, आणि मान्यताप्राप्त डॉक्टरांची चिठ्ठी घेऊन आलेली बाईही रिकाम्या हाताने परतते. चिठ्ठी, बिल, नोंद व्यवस्थित असेल तर घाबरायचं कारण नाही. चिठ्ठीशिवाय आलेलीला दटावू नका. गर्भपात कायद्याने होतो, सज्ञान बाईला नवऱ्याची सही लागत नाही, नाव गुप्त राहतं, एवढं हळू आवाजात सांगून मान्यताप्राप्त केंद्राचा पत्ता द्या. मुलगा होण्याची पुडी मागणाऱ्यांना मात्र एका वाक्यात परत पाठवा. पुडीत काय आहे ते विकणाऱ्यालाही ठाऊक नसतं.

नकार दिला की गिऱ्हाईक पुढच्या दुकानात जातं, हे खरं. नुसतं "नाही मिळणार" ऐकलेलं माणूस जातंच. "ही गोळी आठव्या महिन्यात बाळाला बाधते. इथे बसा, बीपी बघते, रुग्णालयात फोन करते" हे ऐकलेलं माणूस बहुधा थांबतं. पाठवताना तोंडी निरोप देऊ नका, बिलाच्या पाठीमागे चार ओळी लिहून द्या. अशा:

"८ ऑक्टोबर, सकाळी १०.४०. वय २३, पहिलं बाळंतपण. शेवटची पाळी १२ फेब्रुवारी, आज ३४ आठवडे. बीपी १५२/९८, पंधरा मिनिटांनी १५०/९६. सकाळपासून डोकं दुखतंय, डोळ्यांपुढे चमकतं. घेतलेलं: पॅरासिटामॉल ५०० मि.ग्रॅ. एक, आठ वाजता. लोह, कॅल्शियम चालू. ॲलर्जी नाही. रक्तगट बी निगेटिव्ह."

केसपेपर काढणाऱ्या खिडकीवर हा कागद पुढे सरकवला की बाई रांगेत तास-दीड तास बसून राहत नाही. दुकानातच झटका आला तर डाव्या कुशीवर वळवा, तोंडात चमचा-कांदा काही नाही, पाणी नाही, १०८ लावा, झटका किती वाजता आला ते कागदावर लिहा.

दिवस भरलेल्या बाईने कधी निघायचं, हे विचारायलाही लोक मेडिकलवरच येतात. पहिलटकरणीला पाच-पाच मिनिटांनी कळा तासभर येत राहिल्या की निघायचं. दुसऱ्या-तिसऱ्या खेपेला त्याच्या आधीच, आणि घर लांब असेल तर पहिल्या नियमित कळांनाच. पाणी गेलं, रक्त गेलं, पाणी हिरवट दिसलं, तर कळांची वाट बघायची नाही. आधी सिझर झालंय तिनेही नाही. पिशवीत कार्ड, आधार, बँकेचं पासबुक, चालू गोळ्यांची पाकिटं. गोळ्या घरी ठेवून नुसती नावं सांगितली की "पांढरी गोल गोळी" एवढंच डॉक्टरांच्या हाती लागतं.

राहता राहिले तुमचे डॉक्टर. त्यांच्याशी वाद घालण्यापेक्षा ग्रामीण रुग्णालयाच्या वैद्यकीय अधीक्षकांकडे एक पानाचा कागद घेऊन जा. त्यावर तीनच गोष्टी: कोणत्या लक्षणांवर आणि बीपीच्या कोणत्या आकड्यावर मी तुमच्याकडे पाठवते, पाठवताना कागदावर काय लिहिते, आणि कोणती औषधं मी चिठ्ठीशिवाय गरोदर बाईला देत नाही. त्यांना त्यात हवी ती खाडाखोड करू द्या, आणि प्रसूती कक्षाचा थेट फोन नंबर मागून घ्या. दर महिन्याच्या ९ तारखेला प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानाखाली डॉक्टर गरोदर बायकांची मोफत तपासणी करतात. कागद घेऊन त्याच्या आदल्या दिवशी गेलात तर उत्तम, आणि जाताना तुमच्या वहीतल्या निगेटिव्ह रक्तगटाच्या आणि तोडीला निघालेल्या बायकांची यादी आशाताईंसाठी सोबत न्या, अर्थात त्या बायकांना विचारून.